साईन ऑफच्या काळात काय उरकायचं

प्रिय मुली,

तू बोटीवरची इंजिनिअर आणि ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्मतः मुलगा म्हणून नोंदलेली. शरीर आणि कागद बदलायचं काम साईन ऑफच्या, म्हणजे बोटीवरून उतरल्यानंतरच्या, सुट्टीत कसं बसवायचं ते इथे आहे. साईन ऑनला, म्हणजे पुन्हा बोटीवर चढायला, दोन महिने उरले असतील तर स्त्रीत्वाची हार्मोन्स या सुट्टीत सुरू करू नकोस. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं आणि भर समुद्रात लॅब नसते. पुढच्या साईन ऑफनंतर निदान चार महिने किनाऱ्यावर राहता येईल अशी सुट्टी आत्ताच मागून ठेव. ते महिने बिनपगारी जातील, म्हणून घरखर्च आणि कर्जाचे हप्ते धरून सहा महिन्यांची रक्कम आधी बाजूला काढ. पुढे स्वतःचं मूल हवंसं वाटण्याची शक्यता असेल तर पहिल्या गोळीआधी शुक्राणू गोठवून ठेव.

डॉक्टरला नुसतं ‘इंजिनिअर आहे’ सांगू नकोस. इंजिन रूममध्ये 40-45 अंश असतं, चार-चार तासांच्या वॉचमध्ये, म्हणजे पाळीत, अंगावरचा बॉयलर सूट पिळून निघतो, हे सांग. कारण टेस्टोस्टेरॉन रोखायला बऱ्याचदा स्पायरोनोलॅक्टोन देतात. ते मुळात लघवी वाढवणारं औषध आहे. शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर काढतं, पोटॅशियम मात्र धरून ठेवतं. घामाने थकलेला माणूस काय पितो? बोटीवर ओआरएस, घरी आल्यावर शहाळं. दोन्हींत पोटॅशियम आहे. प्रमाणित ओआरएसमध्ये लिटरला दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. पाठ धरली म्हणून वर डायक्लोफिनॅक घेतलं की मूत्रपिंडावर ताण येतो आणि पोटॅशियम आणखी चढतं. स्नायूंत अशक्तपणा, छातीत अनियमित धडधड, अशी लक्षणं दिसली तर वॉच सोडून लगेच कळव. मीठ नेमकं कशातून भरून काढायचं हे आधीच लिहून घे. आमचा आग्रह असा की इंजिन रूममध्ये काम करणारीने या औषधाला पर्याय आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावं.

इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी रक्ताच्या गाठींचा धोका वाढतो, त्यात बोट गाठायचा लांबचा विमानप्रवास. सिगारेट सोडच. त्वचेतून घेतलेल्या इस्ट्रोजेनमध्ये हा धोका कमी, पण पॅच घामाने सुटतो. जेल टिकतं, मात्र त्यात अल्कोहोल असतं. अंगावर ओलं असताना पेट घेऊ शकतं. वेल्डिंग किंवा गॅस कटिंगच्या आधी कधीही लावू नकोस. रात्री अंघोळीनंतर लाव आणि पूर्ण वाळू दे.

सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट असेल तर औषध आठ महिन्यांचं घे, तुझ्या जागी येणारा माणूस (रिलीफ) वेळेवर येईलच असं नाही. मूळ स्ट्रिपा ठेव, सोबत औषधाच्या रासायनिक नावाचं, शिक्क्याचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन. बोटीवर जाण्याआधीच्या मेडिकल तपासणीत औषध लपवू नकोस. जाणूनबुजून लपवलेल्या आजाराची भरपाई मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे बोटीच्या मालकाला नाकारता येते, आणि मग समुद्रात काहीही झालं तरी तोच तपासणीचा कागद तुझ्यापुढे धरतील.

कागद एकाच सुट्टीत बदल, अर्धे इकडे अर्धे तिकडे नकोत. ट्रान्सजेंडर ओळख प्रमाणपत्र ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्याखाली जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर राजपत्रात नाव, मग आधार, पॅन, बँक, पासपोर्ट आणि शेवटी सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), सीओसी (इंजिनिअरचं सक्षमता प्रमाणपत्र), कोर्सची प्रमाणपत्रं. पासपोर्टवर एक आणि सीडीसीवर दुसरं नाव असलं की एजंट विमानतळावरच अडतो. जुन्या नावाचा व्हिसाही नव्याने काढावा लागतो. काही देशांत कायदाच तुझ्याविरुद्ध आहे, तिथल्या बंदरात शोअर लिव्ह घेऊन किनाऱ्यावर उतरू नकोस.

शस्त्रक्रियेला वेगळी लांब सुट्टी. योनिनिर्मितीनंतर पहिले काही महिने दिवसातून अनेकदा डायलेशन (योनिमार्ग आकसू नये म्हणून साधनाने रुंद ठेवणं) लागतं, वॉचच्या वेळापत्रकात ते बसत नाही.

आता सर्वांत अवघड. वाडीतली निम्मी पोरं बोटीवर असतात. घरी कळलेली गोष्ट महिन्याभरात क्रूइंगच्या, म्हणजे बोटीवर माणसं नेमणाऱ्या, ऑफिसात पोचते, आणि तिथे ती दुसऱ्याच्या तोंडून गेली तर तुझ्या शब्दाला जागा उरत नाही. म्हणून आधी कंपनीला ईमेलने कळव, फोनवर नाही: नाव काय हवं, केबिन आणि बाथरूम कसं हवं, औषधं कोणती. 2019 च्या कायद्याने नोकरीत भेदभावाला मनाई आहे आणि आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव त्याच ईमेलमध्ये विचार. बोटीवर चढल्यावर चीफ इंजिनिअर आणि कॅप्टनला सांग. त्रास झाला तर डीपीएला, म्हणजे कंपनीने किनाऱ्यावर नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळव. त्याचं नाव आणि फोन बोटीवर लावलेला असतो, पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घे.

घरी गणपतीत सांगू नकोस. चाकरमान्यांनी घर भरलेलं असतं, आईला रडायलाही कोपरा मिळत नाही. विसर्जन होऊन मुंबईच्या गाड्या परत गेल्या की मग एका दुपारी तिच्याजवळ बस.