गिलोटिन बनवताना फट सांभाळा

गिलोटिन म्हणजे लोहाराचं अवजार: चौकटीत एकावर एक दोन डाय (ठोकळे), त्यांच्यामध्ये तापलेलं लोखंड धरून वरच्या डायवर घण मारायचा. पहिल्या गिलोटिनसाठी नवं स्टील घेऊ नका. नाशकात अंबड-सातपूरकडच्या भंगारात ट्रकच्या कमानीचा १०-१२ मिमी जाडीचा पाटा शोधा, तडा नाही ना ते नीट बघा. लालबुंद तापवून रात्रभर राखेत पुरा, म्हणजे कापायला मऊ होतो. डाय त्याच्या, चौकट साध्या एमएस (माइल्ड स्टील) पट्टीची.

खरी मेख डाय आणि चौकट यांच्यातल्या फटीत आहे. वरच्या डायच्या दोन्ही अंगांना अर्ध्या मिमीचा पत्रा घालून मगच चौकट वेल्ड करा. एका दमात लांब वेल्ड मारलं की चौकट ओढली जाते आणि डाय अडकते. छोटे टाके मारा, एकदा या बाजूला, एकदा त्या, मध्ये गार होऊ द्या. फट उलट जास्त राहिली तर डाय तिरकी बसते आणि वरखालच्या खाचा जुळत नाहीत.

डायच्या कडेला ३ मिमी गोलाई हवीच. धारदार कडेने खांद्याशी, म्हणजे जाड भाग संपून बारीक सुरू होतो तिथे, लोखंड दुमडतं आणि पुढे तिथूनच तुटतं.

वरच्या डायचं घण पडतो ते डोकं मऊच ठेवा, पाणी देऊ नका, म्हणजे तापवून बुडवून कडक करू नका. कडक डोक्याचे तुकडे थेट डोळ्यावर येतात, त्यामुळे चष्मा लावूनच ठोका. डोकं फुलून कड बाहेर आली की लगेच ग्राइंडरने घासा.