बेरूत राहू दे, घरात शिरलेली बाई बघा!

प्रश्न : रविवारी वडलांनी हौसेनं 'आँखें' लावला, गोविंदाचा नव्हे हो, 1968चा, धर्मेंद्रचा. सरकारशी काही संबंध नसलेली चार माणसं आपली आपण देश वाचवायला निघतात, हिरो थेट बेरूतला, व्हिलनचं नाव काय तर डॉक्टर एक्स, आणि एवढ्या गडबडीत माला सिन्हाचं गाणं! मी हसून हसून बेजार, हातातली भडंगाची वाटी सांडली, वडील चिडले ते चिडलेच. आत्या म्हणाली, हसतोस काय, ललिता पवार बघ की. खरंच काही आहे का त्यात? आणि त्यांचा डोळा तसा होता का मेकअप?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आधी आत्याला माझा नमस्कार सांगा. तुमचं हसणं बरोबरच आहे ओ, स्टोरी चाळणीसारखी आहे, आणि डॉक्टर एक्स म्हणजे पौराणिक सिनेमात नारद करणारे जीवन, त्यांना बघितलं की मला तर पुढं 'नारायण नारायण' ऐकू येतं. तरी रामानंद सागरांना याच सिनेमासाठी बेस्ट डायरेक्टरचं फिल्मफेअर मिळालं, आता बोला.

पण ललिताबाईंचं काय आहे, त्या बेरूतला नाहीत, देश वाचवणाऱ्या टोळीचे म्होरके मेजरसाहेब, त्यांच्या घरातच नात्यातली बाई म्हणून घुसल्यात. इथं हसू येत नाही बघा. डॉक्टर एक्स कुणी बघितलाय? पण बॅग घेऊन चार दिवस राहायला आलेली आणि आठवड्यात कपाटाच्या किल्ल्या कंबरेला लावणारी लांबची मावशी सगळ्यांनी बघितलीय. बाई आवाज चढवत नाहीत, नुसतं बघतात, डावा डोळा अर्धा मिटलेला आणि उजवा टक्क उघडा, तोंडानं गोड बोलणं चालू. घरातलं पोरगं त्यांच्याजवळ गेलं की आपल्याच पोटात कालवतं.

डोळा खराच तसा. 1942मध्ये एका शूटिंगला सीनपुरती मारायची थप्पड भगवानदादांच्या हातनं जोरात बसली, तोंडाच्या डाव्या बाजूवरनं वारं गेलं, तीनेक वर्षं उपचार चालले पण डोळा अधू झाला तो झालाच. हिरॉइनची कामं गेली. येवल्याच्या या बाईनं मग त्याच डोळ्यावर खाष्ट सासवा केल्या, आणि 'अनाडी'त 1959ला मिसेस डिसा केली तेव्हा तोच डोळा एवढा मायेचा की फिल्मफेअर मिळालं. म्हणजे डोळ्याचं नाव उगाच, काम बाईंचं!

आणि गंमत बघा, 1987ला सागरांनी 'रामायण' काढलं तेव्हा मंथरा कोण? ह्याच. घरात बसून घर फोडायचं म्हटल्यावर दुसरं नाव त्यांना सुचलं नसेल, असा आपला माझा अंदाज.

येत्या रविवारी परत लावा. बेरूत आलं की उठून चहा टाका, बाई आल्या की बसा. आणि वडलांना भडंग नवीन आणा, सांडलेलं परत वाटीत भरू नका.