एका ए-४ कागदाचा खांब: जास्त वजन पेलायला गोल करू की त्रिकोणी?

गोल. पुढचं नाही वाचलंत तरी चालेल, पण हा प्रश्न पाहून मला राहवेना.

तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत आहे, कागद एकच, उंची किमान २० सेंमी, फेविकॉल चालेल, आणि घरातलं कुणीतरी म्हणतंय ‘त्रिकोण सगळ्यात भक्कम’. असं म्हणणारे एक गणिताचे सर आमच्या शाळेतही होते.

मी विज्ञान शिकवते. दरवर्षी सातवीला हा प्रयोग घेते. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत अर्धा-अर्धा किलो वाळू भरून ठेवलेली असते, खांबावर प्लायचा तुकडा, आणि त्यावर एकेक पिशवी. एका वर्षी एका मुलीनं घरून लाटणं आणलं. त्यावर कागद गुंडाळला, तीन वेढे बसले, प्रत्येक वेढ्याला बोटानं पातळ खळ लावली आणि पुंगळी रात्रभर वाळू दिली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या पुंगळीनं २३ पिशव्या घेतल्या. साडेअकरा किलो! ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-४ कागद म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम. स्वतःच्या वजनाच्या दोन हजार पटींहून जास्त. चोविसावीला खालच्या कडेशी बारीक चुणी पडली आणि खांब तिथंच बसला.

तिनं तसाच दुसरा खांब स्पर्धेसाठी केला. परीक्षक गणिताचे सर. त्यांनी घाईत पिशव्या प्लायच्या एका कडेलाच रचल्या. चौथीला प्लाय कलला, सगळं खाली. मी खांब उचलून पाहिला, एक चुणी नव्हती. सरांनी वहीत लिहिलं: दीड किलो. त्रिकोणी खांबानं ४ किलो घेतले, त्याला पहिला नंबर. पुन्हा ठेवून बघू म्हटलं, तर ‘नियम म्हणजे नियम, आणि मॅडम, त्रिकोण ही अचल आकृती आहे.’

आहेच की. साखर कारखान्याच्या शेडची कैची, म्हणजे छपराखालचा सांगाडा बघा, सगळा त्रिकोणांचा. चार काड्या टोकांना टाचणीनं जोडल्या तर चौकट तिरकी होते, तीन काड्यांची होत नाही. पण तो काड्यांचा गुण झाला. कागदाच्या त्रिकोणी नळीला काड्या नसतात, तीन सपाट भिंती असतात. वजन आलं की भिंत मध्यावर पोट काढते आणि मग सगळा भार तीन कोपऱ्यांवर जातो. गोल नळीला सपाट भिंतच नाही, तेव्हा भार सगळ्या घेराला सारखा मिळतो. २००१ च्या भूकंपानंतर शिगेरू बान या जपानी वास्तुविशारदानं भूजमध्ये कागदी नळ्यांच्या भिंतींचं घर उभारलं. त्याचा फोटो मी स्टाफरूममध्ये नेऊन दाखवला होता. नळ्या गोल होत्या. सर म्हणाले, ‘तो पुठ्ठा आहे.’

असो. तुमचं काम. २१ सेंमीची बाजू उभी ठेवा, उगाच २९.७ ची करू नका. लाटण्याएवढा, साधारण ३ सेंमी व्यास ठेवा. पेन्सिलीएवढी बारीक पुंगळी केलीत तर वेढे पुष्कळ बसतील, पण ती कंबरेत वाकेल. हे गणित ऑयलर या गणितज्ञानं १७४४ मध्येच मांडलंय: सडपातळ खांबाची उंची दुप्पट केली की वाकायला चौथाई भार पुरतो. उलट एकाच वेढ्याचं रुंद डबडं केलंत तर भिंत पातळ राहते आणि लगेच चुणी पडते. वेढे एकमेकांना चिकटलेले हवेत, नुसती वरून चिकटपट्टी लावली तर तीन सुटे कागदच राहतात. आणि दोन्ही टोकं एका पातळीत. टेबलावर उभा करून डोळा लावून बघा, खालून उजेड दिसला तर ती कड नीट करा.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं कोरड्या हवेतलं. स्पर्धा पावसाळ्यात असेल तर खांब प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या, दमट कागद खूपच कमी भार घेतो. गोंद चालणार नाही असं ऐनवेळी सांगितलं तर माझा साडेअकरा किलोचा आकडा विसरा. आणि हो, एकाच वेढ्याचा, सैल चिकटवलेला गोल खांब नीट केलेल्या त्रिकोणी खांबापुढे हरूही शकतो, तेवढं मी सरांना देते.

पण वजन कोण ठेवणार ते आधी विचारून घ्या. मुलीलाच ठेवू द्या म्हणावं, पहिली पिशवी बरोब्बर मधोमध. परीक्षकाच्या हातात देऊ नका.