दुकानाचा पैसा तुझा नव्हे

बाळा,

परवा बेळगावात गणपत गल्लीत उभ्याउभ्या तू विचारलंस, "काका, दिवाळीत दोन लाखांचा काजू विकला, मग खात्यात काहीच कसं नाही?" तुझा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून हे लिहितोय.

गल्ल्यातला पैसा दुकानाचा आहे, तुझा नव्हे. खानापूरची काजू-बी मार्च ते मे या दिवसांत येते. चार-पाच किलो बी फोडावी तेव्हा किलोभर गर निघतो. उन्हाळ्यात अडकलेला पैसा गणपती-दिवाळीला सुटतो. म्हणजे त्या दोन लाखांत पुढच्या मार्चची बी आहे, सोलणाऱ्या बायकांची मजुरी आहे, यंत्राच्या झिजेचा खर्च, म्हणजे घसाराही आहे. यातला बी-मजुरीचा पैसा म्हणजे तुझं खेळतं भांडवल, धंद्यात सतत फिरणारा पैसा, आणि तू त्यातून गाडीचा हप्ता भरलास!

तू म्हणालास, "धंदा माझ्याच नावावर आहे, मग वेगळं काय करायचं?" अरे, एकल मालकीत कायदा तुला आणि धंद्याला एकच धरतो. धंद्याचं कर्ज थकलं तर वसुली घरापर्यंत येते. कायदा भिंत घालत नाही, म्हणून ती आपणच वहीत घालायची. तू घातलेले पैसे भांडवल खात्यावर जमा कर. जमा म्हणजे दुकान तुझं तेवढं देणं लागतं. घरी नेलेला प्रत्येक रुपया उचल म्हणून नावे टाक, म्हणजे तुझ्या जमेतून तेवढा कमी होतो. चहाचे दहा रुपयेसुद्धा. पैसा दुकानाचा आहे.

मी उद्यमबागेत, आपल्या औद्योगिक वसाहतीत, दोन लेथ मशीन घेऊन बसलो होतो. बहिणीच्या लग्नात गल्ल्यातून काढत गेलो, वहीत ओळ नाही. पुढं लोखंडवाल्याला द्यायला पैसे उरले नाहीत आणि एक मशीन विकावं लागलं. काम भरपूर होतं रे! ते मशीन दुसऱ्याच्या शेडमध्ये चालताना मी रोज ऐकायचो. त्यानंतर पै न् पै वहीत लिहिली, सख्ख्या भावालाही बिलाशिवाय माल दिला नाही. तो वर्षभर बोलला नाही. लोक मला चिंगूस म्हणाले. म्हणू देत. त्याच वहीवर चौदा माणसांचा पगार कधी चुकला नाही, आणि आजही मी तसाच वागेन.

जीएसटीचं थोडक्यात सांगतो. वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या आत असली तर नोंदणी नको, ही सूट ऐकून तू निर्धास्त आहेस. पण ती राज्यातल्या विक्रीपुरती. चंदगड, कोल्हापूर आपल्याला घरच्यासारखं, सोयरीक तिकडचीच. करासाठी मात्र ते परराज्य, ते महाराष्ट्रात आणि आपण कर्नाटकात. तिकडे एक पोतं विकलंस तरी नोंदणी लागते, आयजीएसटी म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी लागतो, आणि कंपोझिशनची, म्हणजे लहान धंद्याला विक्रीवर ठरावीक कमी दरानं कर भरण्याची सोय मिळत नाही. हे पोतं पाठवण्याआधी समजून घे, नंतर नव्हे.

रोज रात्री कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही लिही. "आठवड्यानं एकदम लिहितो" हे मला सांगू नकोस, तसं कुणी लिहीत नाही. महिन्याला ठरावीक रक्कम घरी ने, तेवढीच.

आणि आईनं दिलेले साठ हजार तू भांडवलात धरलेस, ते आधी काढ. ते कर्ज आहे. खतावणीत, म्हणजे ज्या वहीत प्रत्येकाचं खातं वेगळं असतं तिच्यात, आईच्या नावानं वेगळं पान घाल, साठ हजार जमा लिही. रविवारी सकाळी वही घेऊन ये. मोबाईलवरचं दाखवू नकोस, वहीच आण.

तुझा काका