वाचकांचे प्रश्न : सॉफ्टनरचे मीठ जाते कुठे?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातील मॉरिस या गावी राहते. सांडपाण्यातील क्लोराइड (मिठातला एक घटक) कमी व्हावे म्हणून तळघरातला वॉटर सॉफ्टनर, म्हणजे मीठ वापरून जड पाणी मृदू करणारे यंत्र, बंद करता येईल का ते पाहा, असे तिला गावात सांगण्यात आले. शहराचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असताना घरातल्या मिठाची काळजी नागरिकांनी का करायची? – एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या केंद्राला हे मीठ काढता येत नाही, म्हणून. केंद्रातील जिवाणू सेंद्रिय घाण खातात आणि गाळ तळाशी बसतो. क्लोराइड मात्र पाण्यात पूर्णपणे विरघळलेले असते, ते जिवाणूंच्याही कामाचे नाही आणि गाळातही बसत नाही, त्यामुळे जेवढे आत येते तेवढेच नदीत जाते. रिव्हर्स ऑस्मोसिसने ते वेगळे करता येते खरे, पण मागे उरणारे अतिखारट पाणी टाकायचे कुठे, हा प्रश्न समुद्रापासून दूर असलेल्या जेमतेम पाच हजार वस्तीच्या गावाला पेलणारा नाही.

मॉरिसचे भूजल फार दुष्फेन. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्यातलाच हा प्रकार. सॉफ्टनरमधले रेझिनचे मणी पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात; मणी भरले की, बहुधा मध्यरात्री, शेजारच्या टाकीतील मिठाचे द्रावण त्यांच्यावरून फिरते आणि सगळे क्लोराइड थेट गटारात जाते. अठरा किलोच्या एका पोत्यात सुमारे अकरा किलो क्लोराइड असते. जलचरांसाठी दीर्घकालीन मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एवढ्या एका पोत्याने सत्तेचाळीस हजार लिटरहून अधिक, आपल्या हिशेबात दहा हजार लिटरचे जवळजवळ पाच टँकर, पाणी त्या मर्यादेपर्यंत खारट होते.

म्हणून मॉरिसने उलट्या टोकाकडून सुरुवात केली, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचे होते. २०१९ मध्ये तेथे पिण्याच्या पाण्याचे नवे केंद्र सुरू झाले. त्यात चुना मिसळून कॅल्शियम कार्बोनेटचा साका खाली बसवतात आणि पाणी घरी पोहोचण्यापूर्वीच मृदू होते. या प्रक्रियेत मीठ लागतच नाही. अडचण एवढीच की, जुने सॉफ्टनर पूर्वीच्याच सेटिंगवर चालू राहिले, तर ते मृदू पाण्यावरही मीठ उधळत राहतात, आणि गावाने घातलेला पैसा तेवढ्यापुरता वाया जातो.

तेव्हा मुलीने आधी यंत्र बायपासवर टाकून महिनाभर पाहावे. पाणी तिला अजूनही जड वाटले, तर शहराकडून पाण्याच्या कठीणपणाचा आजचा आकडा घेऊन तो यंत्रात भरावा. यंत्र ठरावीक दिवसांनी आपोआप धुतले जाणारे जुन्या पद्धतीचे असेल, तर वापरलेल्या पाण्याच्या मापानुसार चालणारे घ्यावे. बागेच्या नळाला सॉफ्टनर मुळीच लावू नये. मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरण्याचा सल्ला दुकानदार देतात; त्याने सोडियम टळते, पण नावातले क्लोराइड नदीत जायचे थांबत नाही.