आधी चेतापेशी, मग ग्लिया : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कॉर्टेक्समधली (मेंदूच्या बाहेरच्या थरातली) एकच मूलपेशी आधी चेतापेशी तयार करते आणि नंतर ॲस्ट्रोसाइट (चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशी). ‘आता चेतापेशी पुरे’ हे तिला कोण सांगते?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तिच्यापासून आधी जन्मलेल्या चेतापेशीच सांगतात. उंदराच्या कॉर्टेक्समधल्या चेतापेशी गर्भाच्या साधारण 11व्या ते 17व्या दिवसांत तयार होतात. ॲस्ट्रोसाइट 18व्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात आणि ऑलिगोडेंड्रोसाइट (चेतातंतूंवर मायलिनचे वेष्टन चढवणाऱ्या ग्लिया) बहुतांशी जन्मानंतर. नव्या चेतापेशी कार्डिओट्रोफिन-1 हे प्रथिन बाहेर सोडतात. मूलपेशीच्या पृष्ठभागावर जीपी130 आणि लिफ या संदेशप्रथिनाचा ग्राही अशी जोडी असते, तिला ते चिकटते. मग आतल्या बाजूचे जॅक हे एन्झाइम जागे होते आणि स्टॅट3 या प्रथिनाला फॉस्फेट लावते. फॉस्फेट लागलेली दोन स्टॅट3 जोडी करून केंद्रकात जातात आणि जीएफएपीसारखी (हे ॲस्ट्रोसाइटची ओळख मानले जाणारे प्रथिन) ॲस्ट्रोसाइटची जनुके सुरू करतात. कार्डिओट्रोफिन-1चे जनुक काढलेल्या उंदरांच्या गर्भात ॲस्ट्रोसाइट कमी बनतात, म्हणजे हा संदेश खरोखर कामाचा आहे.

पण नुसता निरोप येऊन भागत नाही, तो ऐकायची तयारी पेशीत असावी लागते. पुस्तकातल्या आकृतीच्या बाणांत नेमके हेच हरवते. चेतापेशी बनवण्याच्या काळात मूलपेशीत न्यूरोजेनिन-1 हे चेतापेशीची जनुके चालवणारे प्रथिन भरपूर असते. स्टॅट3ला जनुक सुरू करायला पी300 आणि सीबीपी हे मदतनीस लागतात. न्यूरोजेनिन त्यांना आपल्याकडे अडकवून ठेवते. त्यामुळे चेतापेशीची जनुके चालतात आणि ॲस्ट्रोसाइटची उपाशी राहतात. 2001 साली हे उलगडले.

दुसरे कुलूप थेट डीएनएवर आहे. जीएफएपी जनुकाच्या नियंत्रक भागात स्टॅट3 जिथे बसते, तिथल्या एका सायटोसिनवर गर्भाच्या 11.5व्या दिवशी मिथाइल गट असतो, आणि तो असेपर्यंत स्टॅट3ला तिथे थारा मिळत नाही. 14.5व्या दिवसापर्यंत बऱ्याच पेशींत तो उतरलेला असतो. तो उतरवण्यातही शेजारच्या चेतापेशीचा हात असतो. तिच्या अंगावरचे प्रथिन मूलपेशीच्या नॉच ग्राहीला टेकते, त्यातून एनएफआयए हे प्रथिन तयार होते, आणि मिथाइल गट टिकवणारे एन्झाइम तिथून हटते. नॉचचा निरोप स्पर्शानेच पोहोचतो, त्यामुळे तो लागून असलेल्या पेशीपुरताच राहतो.

याच्या जोडीला बीएमपी हे दुसरे संदेशप्रथिन येते. त्याने जागे केलेले स्मॅड1 आणि लिफने जागे केलेले स्टॅट3 यांना पी300 पुलासारखे जोडते. म्हणून बीएमपी आणि लिफ एकत्र दिल्यावर ॲस्ट्रोसाइट नुसत्या बेरजेहून बरेच जास्त मिळतात.

प्रश्न : उंदराच्या 12व्या दिवसाच्या गर्भाच्या कॉर्टेक्समधल्या पेशींना सीएनटीएफ (लिफच्याच कुळातले संदेशप्रथिन) दिले. चार दिवसांनी जीएफएपीचा रंग जवळपास कुठेच नाही. सीएनटीएफ खराब निघाले का?
– संशोधन साहाय्यक, पुणे

उत्तर : तसे असू शकते, पण आधी पेशींच्या वयाकडे बघा. वर सांगितलेली दोन्ही कुलुपे 12व्या दिवशी लागलेली असतात. दोष कुठे आहे हे एका वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रतिपिंडाने प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) कळते. सीएनटीएफ घातल्यावर 20 मिनिटांनी पेशी फोडा आणि 705 क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट लागलेल्या स्टॅट3चे प्रतिपिंड वापरा. सीएनटीएफ न दिलेली प्लेट शेजारी हवीच. पट्टी ठळक आली तर सीएनटीएफ आणि ग्राही दोन्ही ठीक आहेत, पेशीच लहान आहेत. त्यांना 10 ते 20 नॅनोग्रॅम प्रति मिली एफजीएफ2 या वाढ-घटकावर काही दिवस वाढू द्या आणि मग सीएनटीएफ द्या. एफजीएफ2मुळे जीएफएपीच्या त्या नियंत्रक भागाजवळची हिस्टोन-बांधणी सैल होते, असेही दिसले आहे.

पट्टीच आली नाही तर मात्र कुपीवर संशय घ्या. असली प्रथिने पातळ द्रावणात नळीच्या भिंतीला चिकटतात, म्हणून विरघळवताना 0.1 टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) घाला. लहान वाटे करून गोठवा आणि एकदा वितळवलेला वाटा पुन्हा गोठवू नका. वापरायची तीव्रता 10 ते 50 नॅनोग्रॅम प्रति मिली. त्याहून वाढवून फारसे काही हाती लागत नाही.

सीरमचा मोह टाळा. 1 टक्का सीरमनेही ॲस्ट्रोसाइट भरभरून येतात, पण त्यात बीएमपीसह किती तरी घटक असतात, आणि कोणाच्या संदेशाने काय झाले हे मग सांगता येत नाही. शिवाय जीएफएपी दिसले म्हणजे ॲस्ट्रोसाइट झाली असे नाही. प्रौढ उंदराच्या पार्श्वनिलयाच्या कडेच्या मूलपेशींतही जीएफएपी असते आणि माणसाच्या रेडियल ग्लियातही. सोबत एस100बीटा किंवा ॲक्वापोरिन-4 ही ॲस्ट्रोसाइटची दुसरी प्रथिने तपासा.

प्रश्न : ऑलिगोडेंड्रोसाइटच्या प्रयोगात थायरॉईडचे टी3 का घालतात?
– प्राध्यापक, नाशिक

उत्तर : पूर्वपेशींना विभाजन थांबवायची वेळ कळवायला. गर्भाच्या मज्जारज्जूत नोटोकॉर्ड (त्याखालचा दांडा) आणि तळपट्टीकडून आलेले सॉनिक हेजहॉग हे संदेशप्रथिन खालच्या भागात ऑलिग2 हे जनुक सुरू करते. त्याच पट्ट्यातून आधी स्नायूंना जाणाऱ्या चेतापेशी निघतात आणि मग ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशी. वरच्या बाजूचे बीएमपी त्यांच्या विरोधात असते, कारण ते आयडी प्रथिने वाढवते आणि ती ऑलिग2ला निकामी करतात.

पूर्वपेशींना विभागत ठेवते ते पीडीजीएफ-एए हे वाढ-घटक प्रथिन, साधारण 10 नॅनोग्रॅम प्रति मिली. ते काढून टी3 30 ते 40 नॅनोग्रॅम प्रति मिली दिले की चार-पाच दिवसांत एमबीपी हे मायलिनचे प्रथिन दिसू लागते. पीडीजीएफ काढायचे विसरलात तर विभाजन चालूच राहते आणि परिपक्वता लांबते. सीरम घातले तर उंदीरवर्गीयांच्या दृष्टिमज्जेतल्या याच पूर्वपेशी ॲस्ट्रोसाइटकडे वळतात. मार्टिन रॅफ यांच्या गटाने 1983 मध्ये हे दाखवले होते.

टी3चा हा निरोप प्रयोगशाळेपुरता नाही. थायरॉईड जन्मतः कमी असेल तर मायलिन चढायला उशीर होतो. नवजात बाळाच्या टाचेच्या रक्तात टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक) पाहतात आणि दोष निघाल्यास पहिल्या दोन आठवड्यांतच थायरॉक्सिन सुरू करायचा प्रयत्न करतात, त्याचे एक कारण हे.

प्रश्न : मायक्रोग्लियाही याच मूलपेशींपासून बनतात का? आणि ग्लिया चेतापेशींच्या दहापट असतात हे खरे?
– निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : दोन्हींना नाही. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, पीतककोशातल्या रक्तपूर्वपेशींपासून येतात, उंदरात साधारण 10व्या दिवसाच्या सुमारास मेंदूत शिरतात, आणि सीएसएफ1 ग्राहीच्या संदेशावर जगतात. मोजणीचे म्हणाल तर माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आणि जवळपास तितक्याच इतर पेशी, असा हिशेब 2009 मध्ये लागला.