नव्या हॉस्पिटल व्यवस्थापकाला: पहिला महिना केबिनबाहेर

मिरजेत रुजू होताय ना, मग पहिला महिना केसपेपरच्या खिडकीपाशी उभे राहा. जत-आटपाडीचा पेशंट पहाटेची एसटी धरून येतो. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी हातात पडला की परतीची गाडी चुकते, आणि पुढच्या तारखेला तो फिरकतच नाही. लांबच्यांचे नमुने आधी घ्या.

महात्मा फुले योजनेत, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कवच आहे. पण आधारवर 'सुरेखा' आणि रेशनकार्डावर 'सुलेखा' असलं की मंजुरी लटकते. कागद भरतीच्याच दिवशी आरोग्यमित्राकडून, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडून, तपासून घ्या. इमर्जन्सीत फोनवरून मंजुरी मिळते, हे रात्रपाळीला पाठ हवं. डिस्चार्जनंतरची 10 दिवसांची औषधं पॅकेजमध्येच, म्हणजे योजनेनं उपचाराला ठरवलेल्या रकमेतच, धरलेली असतात. त्यांचे पेशंटकडून वेगळे पैसे घेऊ नको, एवढं मेडिकलवाल्याला बजावा.